परदेशात गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवणे : करार, विमा आणि प्रत्यक्ष रस्ता

वाटेवरचा

परदेशात फिरताना गाडी भाड्याने घ्यावी का, यावर तुकड्यातुकड्याने बरंच लिहून झालंय, पण सगळं विखुरलेलं आहे. एका जागी असावं म्हणून हा धागा काढतोय. ज्यांनी ज्या देशात गाडी चालवली असेल त्यांनी जरूर भर घाला.

माझं मत आधीच सांगतो. पॅरिस, रोम, लंडन, टोकियो अशा शहरांत गाडी घेऊच नका. तिथे सार्वजनिक वाहतूक उत्तम आहे आणि गाडी असली की अर्धा दिवस पार्किंग शोधण्यात जातो. पण आइसलँड, स्कॉटलंडचा उत्तर भाग, न्यूझीलंडचं दक्षिण बेट, इटलीच्या टस्कनी भागातली डोंगरावरची गावं, अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं इथे हाताशी गाडी नसेल तर बघण्यासारखं निम्मं राहून जातं. म्हणून शहर आधी पायी आणि मेट्रोने बघून घ्यावं आणि शहर सोडायच्या दिवशी सकाळी गाडी ताब्यात घ्यावी. विमानतळावर उतरल्या उतरल्या, रात्रभर झोप नसताना, अनोळखी गाडी अनोळखी रस्त्यावर काढणं मला अजिबात पटत नाही.

आता मुख्य मुद्दा. संकेतस्थळावर दिसणारं दिवसाचं भाडं हा या व्यवहाराचा सगळ्यात सोपा भाग आहे. खरा प्रश्न असतो, गाडीला काही झालं तर आपल्या खिशातून किती जाणार? बहुतेक ठिकाणी भाड्यातच 'सीडीडब्ल्यू' नावाचं संरक्षण धरलेलं असतं आणि लोकांना वाटतं झालं, विमा आहे. पण त्याचा अर्थ इतकाच की नुकसान एका ठरावीक रकमेच्या वर गेलं तर वरचे पैसे कंपनी मागणार नाही. त्या रकमेपर्यंतचं सगळं तुमचं. तिला 'एक्सेस' म्हणतात, अमेरिकी बोलीत 'डिडक्टिबल'. युरोपात साध्या छोट्या गाडीलाही ती हजार-दोन हजार युरोच्या घरात सहज असते. साधारण तेवढीच रक्कम गाडी घेताना क्रेडिट कार्डावर अडवून ठेवतात. ती कापली जात नाही, पण कार्डाची मर्यादा तेवढी कमी होते, आणि प्रवासाच्या मध्येच हॉटेलचं बिल नाकारलं गेलं की मग लक्षात येतं.

दुसरं म्हणजे या संरक्षणातून काय वगळलंय ते बघा. टायर, चाकाची रिम, पुढची काच, गाडीचं छप्पर, खालचा भाग, हरवलेली चावी हे पुष्कळ करारांत वगळलेलं असतं. आणि नवख्या माणसाकडून नेमकं हेच बिघडतं! अरुंद गल्लीत फुटपाथच्या कडेला रिम घासते, ट्रकच्या चाकाखालून उडालेला दगड काचेवर येतो. करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली, दारू पिऊन चालवली, किंवा मनाई असलेल्या रस्त्यावर नेली तर सगळंच संरक्षण जातं. चुकीचं इंधन भरलं तर तोही खर्च आपल्याच माथी.

तिसरा मुद्दा, समोरच्याच्या नुकसानीचा. युरोपात तृतीय पक्षाचा विमा कायद्यानेच गाडीबरोबर येतो. अमेरिकेत तसं गृहीत धरू नका. तिथे राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, किमान मर्यादा तुटपुंज्या असू शकतात आणि दवाखान्याचा खर्च प्रचंड. तिथे जादा लायबिलिटीचं संरक्षण (काउंटरवर 'एसएलआय' म्हणतात) मी डोळे झाकून घेईन. एक वेळ गाडीच्या ओरखड्यांचा विमा सोडा, पण हा सोडू नका.

केतकी_पान

छान धागा. परवान्याबद्दल थोडं लिहिते, कारण तिथेच लोकांची सुरुवातीला अडचण होते.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजे आयडीपी, हा स्वतंत्र परवाना नाही. आपल्या मूळ परवान्याचं ते ठरावीक नमुन्यातलं भाषांतर आहे. त्यामुळे मूळ परवाना घरी ठेवून नुसता आयडीपी घेऊन गेलात तर काउंटरवरून परत पाठवतात. तो ज्या देशाचा परवाना आहे तिथूनच, निघण्याआधी काढावा लागतो. 'झटपट आंतरराष्ट्रीय परवाना' म्हणून ऑनलाइन जे कागद विकले जातात त्यांच्या वाटेला जाऊ नका.

याचे दोन मुख्य नमुने चालतात, एक १९४९ च्या जिनिव्हा कराराचा आणि दुसरा १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा. पहिल्याची मुदत एक वर्ष. दुसऱ्याची जास्तीत जास्त तीन वर्षं, पण त्याआधी मूळ परवाना संपला तर तोही संपला. कुठल्या देशाला कुठला चालतो हे बघायलाच हवं. उदाहरणार्थ जपानमध्ये फक्त १९४९ चा नमुना मान्य आहे. १९६८ चा घेऊन गेलात तर गाडी मिळणार नाही. चीनच्या मुख्य भूमीत यातला कुठलाच चालत नाही, तिथे स्थानिक परवाना लागतो.

वयाचंही बघा. पंचविशीच्या आतल्या चालकाला बऱ्याच कंपन्या रोजचा जादा आकार लावतात आणि मोठ्या गाड्या देत नाहीत. परवाना मिळून किमान एक वर्ष झालेलं असावं अशीही अट सर्रास असते.

आणि कार्ड! मुख्य चालकाच्या नावाचंच क्रेडिट कार्ड लागतं. पैसे नवऱ्याच्या कार्डातून आणि गाडी बायको चालवणार, असं काउंटरवर चालत नाही. डेबिट कार्ड काही ठिकाणी घेतात, पण मग त्यांचा महागडा विमा घ्यायची सक्ती करतात.

तिसरा_गिअर

दोघांनाही अनुमोदन. बुकिंग करताना गाडीच्या फोटोकडे बघू नका, खाली 'किंवा तत्सम' लिहिलेलं असतं. बघायचा असतो तो चार अक्षरी कोड. जवळपास सगळ्या मोठ्या कंपन्या तो वापरतात. पहिलं अक्षर आकाराचं, दुसरं दारांचं किंवा प्रकाराचं, तिसरं गिअरचं, चौथं इंधन आणि एसीचं. तिसऱ्या जागी 'एम' असेल तर मॅन्युअल, 'ए' असेल तर ऑटोमॅटिक. युरोपात स्वस्त गाड्या बहुतेक मॅन्युअल असतात. रस्त्याची बाजू बदलणार असेल तर माझा आग्रह आहे की चार पैसे जास्त द्या पण ऑटोमॅटिकच घ्या. उलट्या हाताने गिअर टाकण्यात डोकं गुंतलं तर रस्त्याकडे किती राहणार?

बाजूबद्दल सविस्तर लिहितो, कारण धोका नेमका कुठे असतो ते फारसं कुणी सांगत नाही. भर रहदारीत सहसा चूक होत नाही. पुढे गाडी असते, मागे गाडी असते, आपण प्रवाहात जातो. चूक होते रस्ता रिकामा असताना. पहाटे हॉटेलच्या आवारातून बाहेर पडताना, पेट्रोल पंपावरून रस्त्याला लागताना, एखादं दृश्य बघायला थांबून परत निघताना. त्या वेळी हात जुन्या सवयीने जुन्या बाजूला वळतो आणि समोर कुणी नसल्यामुळे ते कळतही नाही. म्हणून प्रत्येक वेळी गाडी सुरू केली की शेजारी बसलेल्याने बाजू मोठ्याने सांगायची, हा नियम आमच्या घरात कडक आहे.

लक्षात ठेवायची सोपी खूण : चालक नेहमी रस्त्याच्या मध्यरेषेच्या बाजूला असतो. चालक रस्त्याच्या कडेला आणि शेजारचा माणूस मध्यावर आला की समजायचं, उलट्या बाजूने चाललोय. पहिले एक-दोन दिवस गाडी शेजाऱ्याच्या बाजूला सरकत राहते, कारण आपल्याला गाडीची रुंदी डोळ्यांनी जुन्या बाजूने मोजायची सवय असते. आरसे आणि रिम याच काळात घासतात. इंडिकेटरची दांडीही देशाप्रमाणे बदलते. युरोपात ती डावीकडे, अगदी ब्रिटनमध्येसुद्धा. जपानमधल्या जपानी गाड्यांत उजवीकडे. तेव्हा वळायच्या वेळी वायपर फिरू लागले तर गडबडू नका.

चौकांचं तर प्रत्येक देशाचं वेगळं. फ्रान्स आणि जर्मनीत पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, मग तो गल्लीतून का येईना. ब्रिटनमध्ये गोल चौकात घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जायचं आणि उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. अमेरिकेत चारही बाजूंना 'स्टॉप' असेल तर जो आधी येऊन थांबला तो आधी जातो. लाल दिव्याला पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, पण न्यूयॉर्क शहरात तशी पाटी असल्याशिवाय नाही. आणि तिथे स्कूलबसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर थांबायचंच. मधे दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीसुद्धा.

पाणकोंबडी

उपयुक्त चर्चा. आम्ही दोघं आणि दोन मुलं, म्युनिकहून गाडी घेऊन ऑस्ट्रिया, मग स्वित्झर्लंड, शेवटी इटलीत फ्लोरेन्सपर्यंत जायचा बेत आहे. गाडी इटलीतच सोडायची. काय काळजी घ्यावी? इटलीत पुष्कळांना नंतर दंडाची पत्रं येतात असं ऐकलं, त्याची धास्ती वाटते.

वाटेवरचा

@पाणकोंबडी, आधी एक व्यवहाराची गोष्ट. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर वन-वे आकार लागतो आणि तो कधीकधी भाड्याहून जास्त असतो. जर्मनी-ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडचा टप्पा गाडीने करून म्युनिकला परत देणं, मग रेल्वेने इटलीत जाऊन टस्कनीपुरती दुसरी गाडी घेणं, हाही हिशोब करून बघा. गाडी कुठल्या कुठल्या देशांत नेणार ते बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. काही महागडे ब्रँड इटलीत किंवा पूर्व युरोपात न्यायला बंदी असते, आणि परवानगीशिवाय सीमा ओलांडली तर विमा गेला.

आता टोल. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या महामार्गांना विन्येट लागतं, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल आगाऊ भरायचा. स्वित्झर्लंडमध्ये अल्प मुदतीचं मिळतच नाही. ४० फ्रँक भरून वर्षाचंच घ्यावं लागतं. ऑगस्ट २०२३ पासून ते गाडीच्या नंबरवर ऑनलाइनही मिळतं. विन्येट नसेल तर दंड २०० फ्रँक. ऑस्ट्रियाचं दहा दिवसांचं मिळतं, पण इटलीकडे जाणाऱ्या ब्रेनर घाटाचा टोल त्यात धरलेला नसतो, तो वेगळा द्यावा लागतो. जर्मनीत घेतलेल्या गाडीला ही विन्येटं लावलेली असतील असं धरून चालू नका, काउंटरवर विचारा.

इटलीतली दंडाची पत्रं बहुतेक 'झेडटीएल'ची असतात. जुन्या शहराच्या आत ठरावीक गाड्यांनाच जायची परवानगी असते आणि वेशीवर कॅमेरे असतात. फ्लोरेन्स, पिसा, रोम, सगळीकडे हे आहे. कुणी अडवत नाही, शिट्टी वाजत नाही, कॅमेरा नुसता नंबर टिपतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा आत गेलात तर पुन्हा दंड. परदेशी राहणाऱ्याला नोटीस पाठवायला कायद्याने ३६० दिवसांची मुदत आहे, म्हणून पत्रं इतक्या उशिरा येतात. त्याआधी गाडीची कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल स्वतःचा वेगळा आकार कार्डातून घेते. दंड त्यात नसतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वेशीवरच्या दिव्यांच्या पाटीवर 'वार्को आत्तीवो' दिसलं तर आत जायचं नाही, म्हणजे निर्बंध चालू आहेत. नकाशाच्या ॲपवर विसंबू नका. हॉटेल जुन्या शहरात असेल तर त्यांना आधीच मेल करून विचारा, ते गाडीचा नंबर नोंदवून देऊ शकतात का. नसेल तर बाहेरच्या वाहनतळावर गाडी लावा आणि ट्राम किंवा बसने आत जा. नोटीस आलीच तर तारीख बघा, पाच दिवसांच्या आत भरल्यास ३० टक्के सूट मिळते.

पार्किंगचे रंगही बघून घ्या. इटलीत रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघा साधारणपणे मोफत, निळ्या पैसे देऊन, पिवळ्या राखीव. स्वित्झर्लंडमध्ये उलटंच, पांढऱ्या रेघा पैसे देऊन, आणि निळ्या आत आल्याची वेळ दाखवणारी तबकडी काचेमागे ठेवून.

मुलांच्या सीटचं वय आणि उंची देशागणिक बदलते. जर्मनीत १२ वर्षं किंवा १५० सेंटिमीटर, यांतलं जे आधी होईल तोवर सीट लागते. दोन सीटचं रोजचं भाडं फार होतं, विमान कंपनी मोफत नेऊ देत असेल तर घरच्याच सीट नेलेल्या बऱ्या, फक्त त्या युरोपातल्या मानकाच्या हव्यात.

उत्तरायण

आइसलँडबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिथला विमा वेगळ्याच गोष्टींचा असतो. खडीचा वेगळा, वाळू आणि राखेचा वेगळा. दक्षिण किनाऱ्यावर वादळी वाऱ्यात उडणारी वाळू गाडीचा रंग खरवडून काढते. वाऱ्याने दार उघडून उलटं वाकणं हे तिथलं नेहमीचं नुकसान आहे आणि ते सहसा विम्यात बसत नाही. गाडी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभी करा आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा, हे मुलांना तर पढवूनच ठेवा.

नकाशावर क्रमांकाआधी 'एफ' असलेले डोंगरी रस्ते फक्त फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांसाठी आहेत. साधी गाडी तिथे नेणं बेकायदा आहे. आणि फोर-व्हील-ड्राइव्ह असली तरी नदी ओलांडताना पाणी इंजिनात गेलं तर तो खर्च तुमचा, कितीही वरचा विमा घेतलेला असो. रस्ता सोडून मातीत गाडी घालण्यावर पूर्ण बंदी आहे, तिथलं शेवाळ पुन्हा वाढायला अनेक दशकं लागतात. वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ९०, खडीच्या रस्त्यावर ८०. दिवे दिवसाही चालू ठेवायचे.

मात्र विम्याबद्दल धागाकर्त्याशी मी पूर्ण सहमत नाही. त्यांनी सगळं समजून घ्या म्हटलंय ते बरोबर, पण सामान्य प्रवाशाने सरळ काउंटरवरचं शून्य एक्सेसचं संरक्षण घ्यावं आणि मोकळं व्हावं. कटकट नको.

वाटेवरचा

@उत्तरायण, तुमचा मुद्दा समजतो. मनःशांतीला किंमत आहेच. पण काउंटरवर ते दिवसाच्या दराने विकतात आणि आठ-दहा दिवसांत ती रक्कम मूळ भाड्याच्या बरोबरीला जाते. तेच एक्सेसचं संरक्षण स्वतंत्र विमा कंपनीकडून घरून निघण्याआधी घेतलं तर पुष्कळ स्वस्त पडतं, आणि त्यात टायर-काच-छप्परही बहुधा धरलेलं असतं. फरक इतकाच, की नुकसान झालं तर भाड्याची कंपनी आधी तुमच्या कार्डातून पैसे घेणार आणि मग तुम्ही ते विमा कंपनीकडून परत मिळवायचे. त्यासाठी करार, नुकसानीचा अहवाल, बिल हे सगळं जपून ठेवावं लागतं. ज्याच्या कार्डावर तेवढी रक्कम काही आठवडे अडकून राहिली तर अडचण होईल, त्याने तुमचा मार्ग घ्यावा. बाकीच्यांनी स्वतंत्र विमा.

एक मात्र नक्की करा. कुठलाही निर्णय काउंटरवर उभं राहून करू नका. मागे रांग असते, समोरचा माणूस विमा विकण्यात तरबेज असतो, आणि टॅबलेटवर सही करताना चौकोनात टिकची खूण कशाला केली ते कळत नाही. स्वतंत्र विमा आधीच घेतला असेल तर 'नको' म्हणा आणि सही करण्याआधी एकूण रक्कम वाचा. तुमच्या घरच्या चलनात पैसे घेऊ का असं विचारलं तर तिथल्याच चलनात घ्या म्हणून सांगा, त्यांचा विनिमय दर महाग असतो.

केतकी_पान

इंधनाचं राहिलं. 'फुल टू फुल' हाच करार घ्या, भरलेली घ्यायची आणि भरून द्यायची. आगाऊ पूर्ण टाकीचे पैसे घेणाऱ्या योजनेत उरलेलं इंधन त्यांचं होतं.

पंपावर नोझलच्या रंगावर अजिबात जाऊ नका. युरोपात हिरवा बहुधा पेट्रोलचा असतो आणि अमेरिकेत हिरवा बहुधा डिझेलचा! युरोपीय संघात ऑक्टोबर २०१८ पासून एकसारखी लेबलं आली आहेत. पेट्रोलला वर्तुळ, आत 'ई५' किंवा 'ई१०'. डिझेलला चौकोन, आत 'बी७'. तेच लेबल नव्या गाड्यांत टाकीच्या झाकणाच्या आतही असतं. दोन्ही जुळवून मगच भरा. आणि चुकीचं भरलं गेलंच तर गाडी सुरू करू नका, तिथूनच कंपनीला फोन लावा.

तिसरा_गिअर

अपघाताबद्दल दोन शब्द. युरोपीय संघात ११२ हा आपत्कालीन क्रमांक सगळीकडे चालतो. दुखापत असेल, चोरी असेल किंवा समोरचा पळून गेला असेल तर पोलिसांचा अहवाल घ्याच, त्याशिवाय विमा सहसा मान्य होत नाही. किरकोळ धडकेत युरोपात दोन्ही चालक मिळून एक छापील फॉर्म भरतात, तो बहुधा गाडीच्या कप्प्यात असतो. सगळ्या भाषांत त्याचे रकाने त्याच क्रमाने असतात, त्यामुळे आपल्याला समजणाऱ्या भाषेतली प्रत शेजारी धरून भरता येतो. काय लिहिलंय ते कळल्याशिवाय सही करू नका, नंतर त्या सहीवरच सगळं ठरतं.

पाणकोंबडी

सगळ्यांचे मनापासून आभार. बेत बदलला, वाटेवरचा यांनी सुचवल्याप्रमाणे दोन वेगळ्या गाड्या घेतोय. शेवटची शंका : इटलीतलं परतीचं विमान पहाटेचं आहे, तेव्हा काउंटर बंद असेल. चावी पेटीत टाकून निघालं तर चालतं का?

वाटेवरचा

चालतं, पण बहुतेक करारांत लिहिलेलं असतं की कार्यालय उघडून कुणी तपासणी करेपर्यंत गाडीची जबाबदारी तुमचीच. मधल्या काळात कुणी घासून गेलं तरी तुमच्या नावावर. जमत असेल तर आदल्या संध्याकाळी काउंटर उघडा असताना गाडी द्या, समोर तपासून घ्या, 'नुकसान नाही' असा कागद किंवा मेल मागा आणि विमानतळाजवळ मुक्काम करा.

तसं नसेल जमत तर उजेडाच्या जागी गाडी लावून अखंड व्हिडिओ काढा. चारही बाजू, चारही रिम, पुढची काच, छप्पर, मग किलोमीटर आणि इंधनाचा काटा, शेवटी गाडी लावलेल्या जागेचा क्रमांक आणि चावी पेटीत पडताना. गाडी घेतानाही असाच व्हिडिओ काढलेला हवा, आणि आधीचा प्रत्येक ओरखडा त्यांच्या कागदावर नोंदवून घेतलेला. नोंद नसेल तर आवारातून बाहेर पडण्याआधी परत काउंटरवर जा. दोन्ही व्हिडिओ, करार आणि शेवटची इंधनाची पावती वर्षभर तरी फोनमधून काढू नका.